तुकड्यातलं

तुमसरच्या कॉलेजात भट्टी सातशेवर आली की
डोमाजी उईके खिडकी उघडतो.
समोर राइस मिल. कोंडा आत येतो,
मॅडम ओरडतात.

सिलिकॉनच्या तुकड्यावर
बिस्मथचा थर, टायटॅनियमचा, पुन्हा बिस्मथ,
केसाच्या शतांशाहून पातळ;
आणि मधे चिमूटभर मँगनीज,
ज्यानं काळा होऊन बाप
चिखल्याच्या खाणीतून घरी यायचा.

ज्याला वीज धरता येते
त्याला चुंबक होणं सहसा जमत नाही,
मॅडम सांगतात.
‘पाहू ना जी.’

अकरा वेळा नुसती तिरपी रेघ.
आज रेघेचं पोट उघडलं,
चिमणीच्या चोचीएवढं.
चुंबक जवळ नेला तर
हललंही.

तेवढ्यात लाईन गेली.
‘गेलं का सारं?’
‘पडद्यावरचं गेलं,’ अंधारात डोमाजी,
‘तुकड्यातलं राहिलं असन.’