सात विरुद्ध सहा

खुर्च्या मोठ्यांच्या मापाच्या,
म्हणून आदल्या संध्याकाळी मी उशा गोळा केल्या:
दहा घरच्या, दोन चर्चमधल्या,
एक माझ्या कुत्र्याची, झटकून.
तेरा मुलं. फ्योर्डच्या या काठावरची आख्खी शाळा तेवढीच.
बूट दाराशी निथळत,
बेर्गथोराबाईंनी डोकी दोनदा मोजली, मग हुश्श केलं.

नगराध्यक्षा म्हणाल्या, सरकार रेक्याविकला असतं, खरं आहे,
पण कचरा कोणत्या वारी उचलायचा,
चढावरच्या बर्फावर वाळू कुणी टाकायची,
ते इथं ठरतं,
या कॉफीचे डाग पडलेल्या टेबलाशी.
उग्लाने विचारलं, "आणि भांडण झालं तर?"
"मग आपण मोजतो."
"काय?"
"हात."

तीस वर्षं मी हात मोजतेय.
अर्धवट वर आलेले,
शेजाऱ्याकडे बघून वर आलेले,
मासळी कंपनीकडे बघून मांडीवरच राहिलेले.

ठराव तुम्हीच आणा, म्हणाल्या.
हाफ्लिदी उभा राहिला, उशी त्याच्याबरोबर खाली आली.
"एक रात्र रस्त्यावरचे दिवे बंद ठेवा.
आजोबा म्हणतात, पूर्वी आकाश पार खिडकीपर्यंत यायचं."
सूचक हाफ्लिदी.
अनुमोदक, बरीच कुजबुज होऊन, स्वानदिस.
विरोध कडवा होता.
इल्मुर म्हणाली, माझी मांजर गाडीखाली येईल.
मागून कुणीतरी: अंधारात समुद्र जवळ येतो.
हा मुद्दा मी लिहून घेतला.

बाजूने सहा. विरुद्ध सहा.
राहिला तिमोतेउष,
ऑक्टोबरात पोलंडहून आलेला,
आई कारखान्यात मासे सोलते.
आमच्या भाषेतले त्याला वीसेक शब्द येतात,
आणि त्या घडीला हवा होता तो त्यात नव्हता.
पाय आवळून बसला होता कधीचा.
आणि मग हात वर.
खांद्यापासून ताठ, बोटं पसरलेली.
असा निःशंक हात या सभागृहात मी पाहिलेला नाही.
"सात," मी म्हणाले.
हातोडा पडला. एकच गलका.
त्यात बाई त्याला मागच्या दाराने घाईघाईने नेताना दिसल्या,
पलीकडे संडासाची कडी वाजली,
तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

इतिवृत्त दुरुस्त करता येतं.
नियम मला पाठ आहे, मीच टंकलाय.
तो परत आला, तळवे ओले,
तर सहाजण टाळ्या वाजवत होते, त्याच्यासाठी.
का, ते त्याला कळेना. तरी हसला.
मी पेनाला टोपण लावलं.

नगराध्यक्षा शब्दाला जागल्या.
गुरुवारी रात्री नऊला दिवे गेले.
आभाळ गच्च भरलेलं. काहीएक दिसलं नाही.
तरी लोक दारात उभे,
खोकल्यावरून एकमेकांना ओळखत.
इल्मुर मांजरीला हाका मारत होती.
समुद्र खरंच जवळ आला.

कारखान्याच्या वळणावर दोघं होती, एक मोठी, एक लहान.
लहानाने मान पार मागे टाकलेली.
आईने काहीतरी विचारलं,
त्याने हात वर केला,
काहीच नव्हतं तिथे,
आणि ती बघत राहिली.

घरी आले तर कुत्रा नुसत्या फरशीवर.
त्याची उशी सभागृहातच राहिली होती,
कुणाच्या खुर्चीवर, आठवेना.