पाळी

मोहर्रकच्या गल्लीत, उम्म जासिमच्या वर्कशॉपात
सुट्टी पाळीनं मिळते.
भिंतीवर कागद, कागदावर आठ नावं,
माझं पाचवं.
गेल्या साली रमजानाआधी ऑर्डरी वाढल्या
आणि माझी पाळी चुकली.
त्याच महिन्यात दुसरीही चुकली.
तिच्यासाठी भिंतीवर कागद नव्हता.

अब्यांचे मणी आणायला मी चिनी मॉलला जाते.
शुफेन मणी मोजत नाही, तोलते.
एकदा तोलता तोलता थांबली.
डोक्यावर एसी सोळावर,
आणि माझ्या मानेवरून घामाची धार.
तिला माझी भाषा येत नाही, मला तिची.
तिनं बोटानं हवेत चंद्र काढला,
तळव्यानं पुसला,
आणि भुवई उंचावली.
मी मान हलवली.

गल्ल्याखालून तिनं कागदी पुडी काढली.
आत चकत्या, वाळल्या सुरणासारख्या,
कडेनं तपकिरी.
वास घेतला आणि मला खालीच बसावं लागलं.
बाळंतशेपा.
अगदी तसाच नाही, थोडा मातीकडे झुकलेला,
पण देवरूखची ती बंद खोली, खाटेखालची शेगडी,
टाळूवर तेल मुरलेली शर्वरी.
अकरा महिन्यांची होती.
मी विमानात बसले तेव्हा तिला दात येत होते.

तीन चकत्या, पाच लाल खजूर, आल्याचा तुकडा,
पाऊण तास मंद आचेवर.
कोंबडी घाल, असं शुफेननं पंख हलवून सांगितलं.
मंगळवारी नाही घातली.
आधी कडू, मग घशात उशिरा पोचणारं गोड.
खोलीतल्या तेलुगू बायकांनी नाकं दाबली;
चौथ्या रात्री पोचम्माच वाटी घेऊन आली,
तिचंही काहीतरी चुकलं होतं, बोलली नाही.

नऊ दिवस प्यायले.
दहाव्या सकाळी ब्रश लाल झाला.
मांडीवर बटणाएवढा निळा डाग, संध्याकाळी बशीएवढा.

सलमानियात लिसम्मा सिस्टरनं कार्ड बघितलं:
पायातल्या गुठळीसाठी रक्त पातळ करायची गोळी घेतेस ना?
मग त्यावर हे कुणी सांगितलं?
मी पुडी दाखवली.
तिनं हुंगली. रागावली नाही.
मूळ वाईट नाही ग, म्हणाली,
तुझ्या गोळीशी पटत नाही त्याचं. आजपासून बंद.
आणि ज्या बाईला पाजलंस, तिला आधी इथे घेऊन ये.

शुफेननं माझी मांडी बघून तोंडावर हात धरला.
माझे पैसे माझ्याच मुठीत कोंबू लागली.
मी विचारलं, नाव काय याचं?
तिनं बिलाच्या पाठीवर दोन अक्षरं काढली,
तांग, क्वेइ,
आणि फोनला विचारून अर्थ दाखवला:
परत यायला हवं.
कोण? मी विचारलं.
तिनं खांदे उडवले.
रक्त. नवरा. कोणीही.
मग फोनवर डोंगर दाखवला, उतारावर हिरवी पिकं,
त्यात वाकलेली एक म्हातारी, फावडं हातात.
आई, म्हणाली. हा शब्द मीच तिला शिकवला होता.
सहा बोटं दाखवली. महिने की वर्षं,
मी विचारलं नाही.

परवा शर्वरीचा फोन. पोटात दुखतंय म्हणाली.
ओवा घे, गरम पाण्याची पिशवी घे, म्हटलं.
सोळा वर्षांची ती, पलीकडून म्हणाली,
ते आजीनं कधीच दिलं.

यंदा कागदावर माझं नाव दुसरं आहे.
त्या दुसरीबद्दल लिसम्मा म्हणते, येणार नाही बहुतेक,
आणि आली तर धावत ये.

उरलेल्या चकत्या टाकवल्या नाहीत.
बॉबिनच्या डब्यात आहेत, काळ्या रिळांच्या मध्ये.
दोऱ्याला वास लागलाय.
रिफामधल्या कुण्या बाईच्या नव्या अब्याला
बाहीपाशी हलकासा येत असेल,
आणि ती इस्त्री करताना थांबून
कशाचा म्हणून आठवत असेल.