किल्ल्यांचा हिशेब

कीलुंग बंदराच्या मागच्या गल्लीत
दीड मीटर रुंद माझं दुकान.
एक किल्ली पन्नास डॉलर, चार मिनिटं.
तैवान निर्देशांकाच्या छोट्या वायद्यात
एक अंक म्हणजेही पन्नासच डॉलर.
हे मी ठरवलेलं नाही.
पण एकदा ध्यानात आलं
आणि मग दुसऱ्या कशात मोजताच येईना.

बावीस अंक वर : बावीस किल्ल्या, न कापता.
चाळीस खाली : चाळीस फुकट,
कुणा अनोळखी माणसांच्या दारांसाठी.

पावणेनऊला बाजार उघडतो.
मशीनच्या शेजारी, पितळेच्या किसात, माझा पडदा.
इथे लाल म्हणजे चढ, हिरवा म्हणजे उतार.
फिलिपिनो खलाशी कुलूप घ्यायला येतात,
सगळं हिरवंगार पाहून म्हणतात,
"मावशी, आज कमाई!"
मी हसते. त्यांना चहा देते.

आलेखात मला दात दिसतात.
खाच, उंचवटा, पुन्हा खाच.
तीस वर्षं नमुना समोर धरून कापत आले;
ही एकच किल्ली अशी,
जिचा नमुना कापून झाल्यावर मिळतो.

माझा दीर चुंग-यी म्हणायचा,
वायदा म्हणजे तारीख घालून दिलेला शब्द.
महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी पाळावाच लागतो,
माणसांसारखं नाही.
नंतर तो स्वतः तीन तिसरे बुधवार
घराबाहेर पडला नाही.

त्या रात्री दहाच्या बातम्यांत तैपेईने सुट्टी जाहीर केली.
वादळ येतंय, शाळा बंद, कचेऱ्या बंद,
अख्ख्या गल्लीत टाळ्या.
तैपेई बंद म्हणजे बाजार बंद.
माझा एक सौदा तेजीचा, उघडा.
पहाटे पाचपर्यंत रात्रीचा बाजार होता,
निघता आलं असतं.
आणखी वीस किल्ल्या, मग निघते, म्हटलं
आणि खुर्चीतच डोळा लागला.

उठले तेव्हा साडेपाच.

दिवसभर पत्रा वाजत होता.
सिंगापूरमध्ये मात्र वारा नव्हता,
तिथे आमचाच निर्देशांक निवांत घसरत होता
आणि मी काचेतून बघावं तशी बघत होते :
आपलंच घर, आत दिवा,
किल्ली आत राहिलेली.
लोकांना मी हसले नव्हते कधी, बरं झालं.

दुपारी अर्ध्या शटरखालून एक मुलगा आत आला,
दहा-अकरा वर्षांचा, नखशिखांत भिजलेला.
आई रुग्णालयात कामावर, आजोबा आत झोपलेले, बहिरे.
शेजाऱ्यांकडची जादा किल्ली आणली होती त्याने,
वाकलेली; कुलपात फिरतच नव्हती.
मी हातोडीने सरळ केली, नमुना लावला, कापली,
कानशीने कडा मारल्या.
चार मिनिटं मी सिंगापूरकडे पाहिलं नाही.
त्याने शंभराची ओली नोट दिली.
गल्ल्यात सुटे नव्हते.
म्हटलं, उद्या ये.

शुक्रवारी बाजार उघडला तो हिरवाच.
दलालाकडच्या श्ये नावाच्या मुलीचा फोन,
"आंटी, मार्जिन भरता की सोडता?"
सोडलं.
एकशे त्र्याऐंशी किल्ल्या.
बारा तास बारा मिनिटं, न थांबता,
मधे जेवणही नाही.
मी हिशेब पुन्हा केला. तेवढाच आला.

कुणाला सांगितलं नाही.
चुंग-यीला तर नाहीच,
तो "माझं ऐकायचं होतंस" असंही म्हणत नाही,
नुसता संत्रं सोलून पुढे ठेवतो.

आता दोन महिने झाले. सौदा नाही,
पडदा मात्र चालू असतो, सवय.
तो मुलगा आलाच नाही.
त्याचं पन्नासचं नाणं मी वेगळं ठेवलंय,
वरच्या खणात, कोऱ्या किल्ल्यांच्या डाव्या बाजूला.
शटर वाजलं की अजून मान वर होते.
एक अंक.
एवढाच माझ्याकडे उघडा आहे.