दशी

अक्कलकोट रोडचा कारखाना, वरचा माळा,
पत्र्याखाली बेचाळीस अंश.
राजेशम् मास्तर स्टुलावर बसलेत
मांडीत तांब्या धरून.
मी ड्राइव्हचा कप्पा आत ढकलते.

त्यांचे पुठ्ठे वाळवीनं नेले,
मोराचे चारशे अठ्ठ्याऐंशी,
दोरीत ओवून भिंतीला टांगलेले,
एकेक भोक हातानं पाडलेलं.
त्याआधी आम्ही स्कॅन करून घेतले होते.
मोर, हत्ती, अंगूरवेल,
आणि एक फूल, ज्याला नावच नाही.

आता ते डिस्कवर बर्न करायचं.
मास्तरांना हा शब्द पटत नाही.
"जाळून कुणी जपतं का पोरी?"
मग थांबून,
"जसंच्या तसं उतरलं का, तेवढं बघ."

बघायचं कसं ते मला येतं.
फाइलीची बेरीज निघते बत्तीस अक्षरांची.
एक ठिपका हलला
तरी सगळीच्या सगळी बदलते.
मूळ फाइलीची काढली.
डिस्क परत वाचून तिची काढली.
जुळली नाही.

पहिल्याच अक्षरापासून नाही.

मास्तर पडद्याकडे बघत राहिले,
व्यापाऱ्यानं माल परत पाठवल्यावर
गाठोड्याकडे बघतात तसे.

मी दोन्ही फाइली शेजारी शेजारी लावल्या,
खाली खाली उतरत गेले.
मोर तोच. हत्ती तोच. वेल तीच.
आणि सगळं संपल्यावर, मागे,
तीन लाख सात हजार दोनशे शून्यं.
बर्नरनं स्वतःच घातलेली,
वाचणारा किरण काठावरून घसरू नये म्हणून.

"नुसती शून्यं? आत काही नाही?"
"काही नाही."
मास्तर हसले, खालचा एक दात दिसेल इतके.
"अगं, ती दशी!
मागावरून चादर उतरवली
की टोकाला ताणा थोडा सुटतोच.
दशी धरून कुणी चादर मोजतं का?"

मी दशी कापली.
बेरीज जुळली.
त्यांनी बत्तीसही अक्षरं मला मोठ्यानं वाचायला लावली,
पडद्यावर बोट ठेवून, दोनदा.

मग म्हणाले, "मोर दाखव. मान. अजून जवळ."
डावीकडून तिसऱ्या पिसात
एक ठिपका कमी.
माझ्या पोटात गोळा. "डिस्कनं खाल्ला?"
"नाही. तो माझा.
पुठ्ठा तीनशे बारा.
सत्यव्वा सिव्हिलला होती त्या रात्री,
मी एक भोक पाडायचं विसरलो.
हजारो चादरी गेल्या या मोराच्या,
एकही परत आली नाही.
म्हटलं, यात तरी गळून जाईल."

"भरू का? एक क्लिकचं काम."

तांब्यावर त्यांची बोटं फिरत राहिली.
"मग ती बेरीज?"
"बदलेल."

तेवढ्यात लाइट गेली.
खाली बारा माग एकदम गप्प.
पंख्याची पाती अजून फिरत होती, सावकाश.
मास्तर पाणी प्यायले,
मी माउसवरचा हात काढला नाही,
आणि दोघंही
लाइट यायची वाट बघत बसलो.