देठ

रात्री अडीचला ती उठते,
दाराची कडी वाजवते: माले घर जानं शे.
मी म्हणतो, माय, हाईच घर शे.
ती माझ्याकडे बघते,
रिक्षावाल्याने जास्त भाडं सांगितल्यासारखी.

नंदुरबारच्या पथारीवर चाळीस वर्षं
तिने मिरच्यांचे देठ खुडले.
आता गोधडीचे खुडते.
दोन बोटं आणि अंगठा, न चुकता.
ढीग कधी होत नाही
म्हणून काम कधी संपत नाही.
तिचं. माझंही.

भटू रविवारी सुरतहून फोन करतो.
पहिल्याच हाकेला ओळखते त्याला.
जेवना का रे भाऊ, विचारते.
तो मला म्हणतो, माय तर एकदम बरी वाटते, गुलाब.
मी हो म्हणतो.
माझ्या दुसऱ्या हातात तिचं ओलं लुगडं असतं.

मंगल आठ दिवसांसाठी गेली माहेरी,
त्याला दोन महिने झाले.
मी बोलावत नाही.
मला माहेर असतं
तर तिच्या आधी निघालो असतो.

परवा तिने तोंडातली गोळी काढून
माझ्या खिशात ठेवली, जपून,
सुट्या पैशांसारखी.
हसायला हवं होतं.
मी मनगट धरलं.
ती ओरडली, तरी सोडलं नाही
थोडा वेळ.

मग बाहेरून कुलूप लावून स्टँडवर जाऊन बसलो.
तळोदा गेली, साक्री गेली.
कंडक्टरने विचारलं, कुठे जायचं?
कुठेच नाही, म्हणताना जे बरं वाटलं
ते कुणाला सांगण्यासारखं नाही.
वाऱ्यावर मिरचीचा खकाणा आला, ठसका लागला,
शेजारच्या बाईने बाटली पुढे केली.
घोटभर पाण्याने
डोळे इतके का भरून यावेत?

परतलो तेव्हा ती खाटेवर.
मनगट दाखवलं मला. चार बोटं, निळी.
'एक मानूस शे आठे,' कानाशी येऊन म्हणाली,
'तो येवाना पहिले तू निंघी जाय.
तुन्ही माय वाट देखत व्हई.'

किल्ली हातातच होती.
ती जरा सरकली, जागा केली,
गोधडीचं एक टोक माझ्याकडे दिलं.

दिवा लावायचा राहिला.
दूधही तापवायचं होतं.