फळीची गाठ

एवाझिओ सुताराने जन्मात एक मोटार बांधली नाही.
त्याने बांधला फक्त लाकडी साचा,
ज्यात ओतलं गेलं तुरिनच्या कारखान्याचं वळण:
तळापासून गच्चीपर्यंत गरगरत चढणारा रस्ता,
शंखाच्या पोटातून जावा तसा.

इमारत अर्धा किलोमीटर लांब.
खाली मालगाडी लोखंड, रबर, कातडी टाकून जायची
आणि ते सगळं मजला-मजला चढत, गाडी होत,
शेवटी आभाळात निघायचं.
कारण वर, गच्चीवर, धावपट्टी होती,
दोन्ही टोकांना भिंतीसारखी उठलेली.
गच्ची कपडे वाळवायला असते, असं त्याच्या बायकोचं मत.
"एवढा वारा," ती म्हणे, "फुकट चाललाय."

साच्याचं काम विचित्र.
काँक्रीट ओलं तोवर सगळा भार फळीवर;
ते एकदा धरलं, की पहार.
एवाझिओने अठ्ठावीस दिवस मोजले, मग
स्वतःचंच लाकूड फासळीसारखं उचकटलं.
फळ्या विकत मागितल्या. मिळाल्या नाहीत.
त्या हिवाळ्यात मुकादमांच्या शेगड्या छान पेटल्या.

मुलगी देल्फिना पुढे पाचव्या मजल्यावर लागली,
गाद्या शिवायला. नखांत घोड्याचे केस.
डोक्यावरून गाडी गेली की टाचण्या थरथरत,
आणि ती मान वर न करता सांगे:
ही ठीक आहे. हिचं डावं चाक कण्हतंय.
घरी सायकलने. धुक्यात
हजार सायकली, हजार घंट्या,
माणूस एकही दिसत नसे.

मग संप झाले, बॉम्ब पडले,
मग गाड्यांनाच जिने नकोसे झाले.
आता खाली बुटांची दुकानं आहेत.

त्र्याऐंशीव्या वर्षी ती वळणाखाली उभी राहिली.
बापाने सांगितलं होतं: तिसऱ्या फेऱ्याला वर बघ,
चेस्टनटची फळी, मधोमध गाठ.
मुकादम नको म्हणत होता, मी ठोकलीच.

तिने मान वर केली.
काँक्रीटभर लाकडाच्या रेषा,
आणि गाठी. एक नाही, शेकडो.
स्वस्तातलं लाकूड होतं सगळं.

मानेला कळ लागेपर्यंत शोधलं.
मग त्यातली एक
तिने ठरवून टाकली.