बादलीभर जुनं

या बेटाला नदी नाही.
ओढा नाही, झरा नाही,
विहीर खणावी तर खारटच लागते.
म्हणून बर्म्युडात घर बांधताना
आधी पाण्यासाठी खड्डा खणतात,
मग त्याच्या डोक्यावर माणसांना राहू देतात.

मी छपरं रंगवतो.
पांढरी, पायऱ्यापायऱ्यांची,
पावसाला धावू न देणारी छपरं.
अठ्ठावीस वर्षं झाली, गुडघ्यांचा चुना झाला.
सॉमरसेटमधली अर्धी माणसं
माझ्या कुंचल्यावरून उतरलेलं पाणी पितात
आणि रस्त्यात भेटली की विचारतात,
"तुझ्याकडे किती?"
"चार फूट."
"माझ्याकडे अडीच."
एवढं झाल्यावर मग तब्येत, मुलंबाळं.

यंदा एप्रिलपासून कोरडं.
आभाळात नाही, तर टाकीत कुठून?
टँकरवाला म्हणाला, दोन आठवडे थांबा.
आउटरब्रिजबाई म्हणाल्या, येऊच नकोस.
आणि मला निरोप धाडला:
तळ दिसतोय, तेवढ्यात टाकी घासून घे.

झेफननं वरून दोर धरला, मी उतरलो.
आत गारवा. आपलाच श्वास
चार भिंतींना विचारून परत येतो.
घोट्याएवढं पाणी, त्यात एक मासा.
कधीकाळी सोनेरी होता म्हणे,
अंधारात डासांच्या अळ्या खाऊन
आता ताकाच्या रंगाचा.

मग भिंतीवर बॅटरी मारली.
खिळ्यानं कोरलेल्या रेघा, कमरेच्या खाली,
ज्या ज्या वर्षी पाणी तिथवर गेलं
त्या त्या वर्षीची एकेक.
एल्विन आउटरब्रिजचं अक्षर, डावीकडे कललेलं:
७९. ल्युसिंडा झाली. धुणी फार.
८७. वादळ. पन्हळीला बोळा घालायला विसरलो. महिनाभर खारट चहा.
९४. मेदेरोसकडून दोन फूट उसने. (फेडले.)
२०११.
पुढे काहीच नाही.
त्या वर्षी लिहिण्यासारखं काही नव्हतं,
की होतं म्हणूनच नाही,
मला काय माहीत.
मी त्या वर्षी त्यांचं छप्पर रंगवलं होतं.
ते शिडी धरून उभे होते, बोलत नव्हते.

मी उपसायला लागलो.
झरोक्यात बाईंचं तोंड आलं, उलटं.
"सगळं काढू नकोस. एक बादली ठेव."
मी म्हटलं, गाळ आहे.
"गाळ काढ. पाणी ठेव."

आरोग्य खात्याचा माणूस काय म्हणेल
ते मला पाठ आहे, मीच लोकांना सांगतो.
तरी फडक्यानं गाळून एक बादली भरली,
मासा त्यातच सोडला.
बाईंनी ती स्वयंपाकघरात नेली,
वर ताटली झाकली, ताटलीवर वाटी,
विरजण ठेवतात तशी.

भिंतींना चुना दिला. रेघा तेवढ्या सोडल्या.
झेफन म्हणाला, डाग राहिले.
मी म्हटलं, राहू देत.

घरी जाताना हिशेब करत होतो.
ही टाकी कधीच पुरती आटली नव्हती.
नवा पाऊस दर वेळी जुन्यावरच पडला.
म्हणजे त्या बादलीत
थोडं तरी ७९ सालचं असणार,
थोडं वादळातलं, थोडं मेदेरोसचं,
आणि एखादा थेंब असा, जो छपरावर पडला
तेव्हा खाली कुणीतरी दाढी करत होतं.
हिशेब चुकीचाही असेल. मी रंगारी आहे.

तिसऱ्या दिवशी बादली परत ओतली.
एवढ्या मोठ्या टाकीत एवढासाच आवाज.
मासा कोपऱ्यात गेला आणि तिथेच थांबला.

अकरा दिवसांनी, पहाटे तीनला, आला.
मी अंथरुणातच पडून ऐकत राहिलो.
आधी माझी पन्हळ, मग शेजारची,
मग सगळ्या गल्लीचा घसा मोकळा झाला.

सकाळी बाई फाटकाशी दिसल्या.
रिवाजाप्रमाणे मी विचारलं, "किती?"
त्यांनी काठी वर धरली,
ओल्या खुणेवर अंगठा ठेवला.
"सहा इंच," म्हणाल्या,
"आणि एक बादली."